मग म्हणणं काय? – उताऱ्यातला मुख्य निष्कर्ष ओळखताना होणारा घोळ

पानगळ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून धागा काढतेय.

तर्कक्षमता चाचणीची तयारी चालू आहे. युक्तिवाद कमकुवत करा, गृहीतक शोधा वगैरे प्रकार बरे जमतात. पण ज्याला सगळे फुकटचे मार्क म्हणतात, त्या 'लेखकाचा मुख्य निष्कर्ष कोणता?' या प्रश्नात माझी हमखास दांडी उडते. काल आठ सोडवले, पाच चुकले. बरं, उत्तर पाहून 'अरे हो की' असंही होत नाही. 'मग माझं का नाही?' असंच वाटत राहतं.

एक नमुना देते, माझ्या शब्दांत:

'रस्ते रुंद केले की वाहतुकीची कोंडी सुटेल असं अनेकांना वाटतं. हा भ्रम आहे. रस्ता रुंद झाला की आजवर तिकडे न फिरकणारे वाहनचालकही त्या रस्त्याने जाऊ लागतात. त्यामुळे काही काळातच तो पुन्हा पूर्वीसारखा भरून जातो.'

पर्याय असे:
अ) रस्ते रुंद केल्याने कोंडी सुटते असं अनेकांना वाटतं.
ब) रुंद केलेला रस्ता काही काळात पुन्हा भरून जातो.
क) रस्ते रुंद केल्याने कोंडी सुटेल ही समजूत चुकीची आहे.
ड) रस्ते रुंद करण्यावर पैसे खर्च करू नयेत.
इ) रुंद रस्त्यावर नवे वाहनचालक येतात.

मी ब दिला. सरळ 'त्यामुळे' लिहिलंय, शेवटचं वाक्य आहे, आधीचं वाक्य त्याच्याकडेच नेतंय. उत्तर निघालं क. क मला निष्कर्षच वाटत नाही, तो तर नुसता नकार आहे! जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अर्धविराम
'त्यामुळे' पाहून उडी मारलीत, तिथेच फसलात. माझंही सुरुवातीला हेच व्हायचं.

ब आणि क शेजारी ठेवा आणि मध्ये 'म्हणून' घाला, दोन्ही बाजूंनी.
'रस्ता पुन्हा भरून जातो, म्हणून कोंडी सुटेल हा भ्रम आहे.' लागतंय.
'कोंडी सुटेल हा भ्रम आहे, म्हणून रस्ता पुन्हा भरून जातो.' काहीतरीच!

म्हणजे ब हा क ला खांदा देतोय. ब स्वतःही इ च्या खांद्यावर उभा आहे, म्हणून तो निष्कर्षासारखा दिसतो. अशाला उपनिष्कर्ष म्हणतात. खालून आधार घेतो आणि वर देतो. मुख्य निष्कर्ष फक्त घेतो, पुढे कुणाला देत नाही.

रातकिडा
म्हणजे घरातला सर्वांत धाकटा. सगळ्यांकडून घेतो, देत कुणालाच नाही.

पानगळ
हसून हसून पुरेवाट! हे मात्र लक्षात राहील.

अर्धविरामभाऊ, पटलं. पण परीक्षेत प्रत्येक जोडीत 'म्हणून' घालत बसायचं? पाच वाक्यं असली तर किती जोड्या होतील!

टोचणी
सगळ्या जोड्या कशाला? जिथे लेखक स्वतः काहीतरी ठासून म्हणतोय असं वाटतं, अशी वाक्यं उताऱ्यात दोन, फार तर तीन असतात. बाकीची माहिती असते.

मी वेगळी युक्ती वापरते. प्रत्येक वाक्याला विचारायचं: कशावरून? उतारा उत्तर देतो का ते बघायचं.

'अनेकांना असं वाटतं.' कशावरून? उतारा गप्प. म्हणजे ही नुसती माहिती.
'नवे वाहनचालक येऊ लागतात.' कशावरून? पुन्हा गप्प. आधारविधान.
'रस्ता पुन्हा भरून जातो.' कशावरून? 'नवे लोक येतात ना.' उत्तर मिळालं. उमेदवार क्रमांक एक.
'हा भ्रम आहे.' कशावरून? 'रस्ता पुन्हा भरतो ना.' उमेदवार क्रमांक दोन.

दोन उमेदवार उरले. आता पहिला दुसऱ्याच्या उत्तरात आला, दुसरा कुणाच्याच उत्तरात आला नाही. संपलं.

आणि 'नुसता नकार आहे' याबद्दल: नकार हे म्हणणं नसतं असं कुणी सांगितलं? या प्रश्नांत तर पुष्कळदा लेखक दुसऱ्याचं मत मांडतो, 'छे' म्हणतो आणि मग छे का ते सांगतो. तो 'छे' हाच मुख्य निष्कर्ष. फक्त तो एवढासा असतो, 'हा भ्रम आहे', 'तसं नाही', 'हे पटण्याजोगं नाही', की डोळा त्यावरून घसरतो. त्यातल्या 'हा'च्या जागी आधीचं वाक्य नेऊन ठेवा. 'रस्ते रुंद केले की कोंडी सुटेल हा भ्रम आहे.' आता कसं भारदस्त दिसतंय?

जुनाखोड
टोचणीबाईंच्या 'कशावरून'ला दंडवत. त्यात थोडी भर घालतो.

मराठीत 'कशावरून' आणि 'कशामुळे' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण ते बोलताना कधी चुकत नाही. पेपर हातात आला की मात्र विसरतो.

'पाऊस पडून गेलाय.' कशावरून? 'रस्ता ओला आहे.'
'रस्ता ओला आहे.' कशामुळे? 'पाऊस पडला.'

गोष्टी त्याच दोन. पहिल्यात पाऊस सिद्ध करायचा आहे, ओला रस्ता हा पुरावा. दुसऱ्यात ओल्या रस्त्याबद्दल वादच नाही, तो कसा झाला एवढंच सांगायचंय. पहिला युक्तिवाद, दुसरं स्पष्टीकरण. 'कारण', 'म्हणून', 'त्यामुळे' हे शब्द दोन्हीकडे बिनदिक्कत फिरतात, म्हणून त्यांच्या भरवशावर राहिलं की घात होतो. पानगळताईंच्या उताऱ्यातला 'त्यामुळे' मुळात 'कशामुळे'चं उत्तर आहे: रस्ता कशामुळे भरतो, तर नव्या वाहनांमुळे. घटनेमागून घटना.

त्यापेक्षा क्रियापदाकडे बघा. 'पाऊस पडून गेला असावा', 'गेला असणार', 'गेला असला पाहिजे'. हे 'असावा', 'असणार' आपण डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला लावत नाही, अंदाजाला लावतो. उताऱ्यात असं क्रियापद दिसलं की तिथे बोट ठेवून थांबावं. 'करावं', 'करू नये', 'योग्य नाही', 'गरज आहे' यांचंही तसंच. शंभर टक्के हमी नाही, पण 'त्यामुळे'पेक्षा बरं.

अवांतर: न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या परंपरेत, परार्थानुमानाचे, म्हणजे दुसऱ्याला पटवून देण्याच्या अनुमानाचे, पाच अवयव सांगितलेत. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पर्वतावर अग्नी आहे. कारण धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. इथेही तसाच धूर आहे. म्हणून पर्वतावर अग्नी आहे. आपलं म्हणणं सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा, असं दोनदा सांगायचं, ऐकणाऱ्याची चूक होणारच नाही अशी व्यवस्था. हे पेपर काढणारे लोक कधी प्रतिज्ञा ठेवून निगमन खातात, कधी निगमन ठेवून प्रतिज्ञा खातात, आणि कधी म्हणणं मधल्याच एखाद्या वाक्यात सरकवून देतात.

पानगळ
खोडकाका, वाचनखूण साठवली! शाळेत अग्नी आणि धूर घोकलं होतं, ते इथे कामाला येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

म्हणजे शेवटचं वाक्य हाच निष्कर्ष हा माझा समज मुळातच चुकीचा?

अर्धविराम
जागेवरून काहीच ठरत नाही. तर्कशास्त्राच्या पुस्तकात 'सर्व माणसं मर्त्य आहेत, सॉक्रेटिस माणूस आहे, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे' असं तीन ओळींत शिकवतात, निष्कर्ष तळाला. त्याची सवय लागते. शिवाय बोलताना आपण आधी कारण सांगून मग मुद्द्यावर येतो, 'अमुक असल्यामुळे तमुक', त्यामुळे डोळा आपसूक शेवटाकडे जातो असं मला वाटतं. परीक्षकाला हे पक्कं ठाऊक असतं. तो पहिल्या किंवा दुसऱ्या वाक्यात म्हणणं सांगून मोकळा होतो आणि शेवटी एक 'त्यामुळे' पेरून ठेवतो.

चकवा
फार सोपं करून सांगताय सगळे. हा सोडवा बरं:

'ग्रंथालयाने उशिराचा दंड बंद करावा. दंडाच्या धास्तीने उशीर झालेले वाचक पुस्तक परत द्यायला फिरकतच नाहीत, आणि अशी पुस्तकं कायमची जातात. या पुस्तकांची किंमत दंडातून जमणाऱ्या रकमेपेक्षा जास्त आहे. तेव्हा दंडामुळे ग्रंथालयाचा तोटाच होतो.'

माझ्या मते मुख्य निष्कर्ष शेवटचा. सगळा उतारा तोटा सिद्ध करण्यातच खर्च झालाय. दंड बंद करा हा त्यावरून दिलेला सल्ला, तो वेगळा.

टोचणी
'दंडामुळे तोटा होतो, म्हणून दंड बंद करावा.' लागतंय.
'दंड बंद करावा, म्हणून दंडामुळे तोटा होतो.' लागत नाही.

निकाल लागला. लेखकाने किती शाई कुठे खर्च केली यावर मुख्य निष्कर्ष ठरत नाही.

चकवा
पण मग तुमची 'कशावरून'ची युक्ती इथे कोलमडते. 'दंड बंद करावा.' कशावरून? असं कोण विचारतं? सल्ल्याला कशावरून लागतच नाही.

टोचणी
हं. हे खरंय. चार वर्षं ही युक्ती वापरतेय, पण लक्षात आलं नव्हतं, कारण मनातल्या मनात आपोआप बदल होत असणार. सल्ला असेल तिथे 'का बरं?' विचारायचं. 'दंड बंद करावा.' का बरं? 'तोटा होतो.' तोटा होतो कशावरून? 'पुस्तकांची किंमत दंडाहून जास्त.' इथे उतारा थांबला.

मूल्यमापनालाही हेच. 'हे धोरण अन्यायकारक आहे'ला दोन्ही प्रश्न चालतात. चकवासाहेब, एक गुण तुम्हाला.

जुनाखोड
चकवांचा मुद्दा एवढ्यावर सोडू नका, त्यात एक खरी अडचण आहे. हाच उतारा पहिल्या वाक्याशिवाय छापला, तर मुख्य निष्कर्ष कोणता? 'दंडामुळे तोटा होतो' हाच. 'दंड बंद करावा' हे कितीही उघड दिसत असलं तरी मग ते लेखकाचं म्हणणं राहत नाही, आपण पुढे काढलेलं अनुमान होतं. एकच वाक्य एका उताऱ्यात मुख्य आणि दुसऱ्यात उप. वाक्याला जन्मजात जात नसते, ते काय काम करतंय ते बघायचं.

पानगळताईंच्या मूळ प्रश्नातला ड पर्याय बघा. 'पैसे खर्च करू नयेत.' उतारा वाचून सुज्ञ माणूस तिथे पोचेलही. लेखक पोचलेला नाही. तो 'भ्रम आहे' म्हणून थांबला.

शिकाऊ
सगळं वाचलं. मला एक वेगळीच शंका आहे. मी ज्या चाचण्या सोडवल्यात त्यांत 'विधान आणि निष्कर्ष' असा प्रकार असतो. एक विधान देतात, खाली दोन निष्कर्ष, आणि विचारतात की कोणता निघतो. त्यात उताऱ्यात असलेलंच वाक्य कोण निवडेल? नवीन काहीतरी निघालं पाहिजे ना? इथे तुम्ही म्हणताय की उताऱ्यात आहे तेच निवडा.

अर्धविराम
घोळ सगळा 'निष्कर्ष' या एका शब्दाने घातलाय. दोन कामं आहेत. एक, निष्कर्ष *काढणं*. दोन, काढलेला निष्कर्ष *ओळखणं*. विधान-निष्कर्ष प्रकारात पहिलं. तिथे लेखकाचं म्हणणं असं काही नसतं, तुम्हाला दिलेल्या माहितीवरून काय नक्की निघतं ते बघायचं. मुख्य निष्कर्षाच्या प्रश्नात दुसरं. इथे निष्कर्ष लेखकाने आधीच काढून ठेवलाय, बरोबर की चूक हे कुणी विचारलेलं नाही, आणि तुमचं मत तर अजिबातच नको.

यातून दोन गोष्टी निघतात. युक्तिवाद दळभद्री असला तरी त्याला मुख्य निष्कर्ष असतोच, तेव्हा 'हे काही सिद्ध होत नाही' म्हणून पर्याय खोडू नका. आणि उलट, एखादा पर्याय उताऱ्यावरून शंभर टक्के खरा ठरत असला तरी तो मुख्य निष्कर्ष असेल असं नाही. रस्त्याच्या उताऱ्यात अ, ब, इ तिन्ही उताऱ्यात आहेतच की! खरं असणं इथे पुरत नाही.

शिकाऊ
आता उलगडा झाला. मी 'यातलं खरं कोणतं' असं बघत होतो आणि तीन-तीन उत्तरं बरोबर दिसायची.

ओसाड
आणखी एक गोंधळ घालते: सारांश. आपल्याला उतारा दिला की मध्यवर्ती कल्पना शोधायची सवय. मग ज्या पर्यायात उताऱ्यातल्या सगळ्या गोष्टी थोड्याथोड्या आल्यात, तो भरगच्च पर्याय आवडतो. 'रस्ता रुंद केला की नवे वाहनचालक येतात आणि तो पुन्हा भरतो' असा पर्याय असता तर मी तोच दिला असता, नाही म्हणू नका. उतारा कशाबद्दल आहे आणि उतारा काय म्हणतोय, यांत फरक आहे. भांडताना आपण समोरच्याला बरोबर अडवतो: 'ते सगळं राहू दे, तुझं म्हणणं काय?' तसं उताऱ्याला अडवायचं.

टोचणी
+१. आणि पर्यायांकडे जाण्याआधी ते म्हणणं स्वतःच्या शब्दांत मनात म्हणून घ्यायचं. आधी पर्याय वाचले की पाचही पर्याय कानात कुजबुजायला लागतात.

एक देते. यात वाक्य सापडणं सोपं आहे, पर्याय निवडणं नाही:

'शेताजवळ पाळीव मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या की पिकांचं परागीभवन सुधारतं, हे मान्य. तरी रानमाश्या वाचवायच्या असतील तर पेट्या वाढवणं हा उपाय बहुधा उपयोगाचा नाही. एकेका पेटीत हजारो माश्या असतात आणि त्या रानमाश्यांच्याच फुलांवर जातात. शिवाय पाळीव माश्यांमधले रोग रानमाश्यांना लागू शकतात.'

अ) मधमाश्यांच्या पेट्या वाढवणं हा उपयोगाचा उपाय नाही.
ब) पाळीव माश्या रानमाश्यांचं अन्न पळवतात आणि त्यांना रोग लावतात.
क) पेट्या वाढवून रानमाश्या वाचण्याची फारशी शक्यता नाही.
ड) पेट्या वाढवल्याने रानमाश्या नष्ट होतील.

रातकिडा
अ! ओळ न् ओळ तीच आहे.

टोचणी
म्हणूनच तो ठेवलाय. 'रानमाश्या वाचवायच्या असतील तर' ही अट कुठे गेली? अट काढली की लेखक पेट्यांच्याच विरुद्ध आहे असं होतं, आणि त्याने तर पहिल्याच वाक्यात परागीभवनाचा फायदा मान्य केलाय. ड मध्ये 'बहुधा उपयोगाचा नाही'चं 'नष्ट होतील' झालं. शब्द थोडा ताणला की लेखकाच्या तोंडी नवीनच दावा जातो. क मध्ये उताऱ्याचं वाक्य जसंच्या तसं नाही, पण अट आहे, 'बहुधा' आहे, सगळं आहे. बरोबर उत्तर बऱ्याचदा वेषांतर करून येतं आणि चुकीचं उत्तर उताऱ्याचेच कपडे घालून येतं.

'हे मान्य', 'हे खरं असलं तरी', 'अर्थात' यांनी सुरू होणारं वाक्य म्हणजे लेखक एक पाऊल मागे घेतोय. ते म्हणणं नव्हे. त्याच्या पुढे 'तरी', 'पण', 'मात्र' येतं, आणि म्हणणं बहुतेक वेळा तिथे सापडतं.

जुनाखोड
आपल्याकडचा पूर्वपक्ष याच्याच जवळचा. आधी प्रतिपक्षाचं म्हणणं, तेही नीट, त्याला लाजवेल इतकं नीट मांडायचं आणि मग उत्तरपक्ष. नवख्या वाचकाला जुने ग्रंथ वाचताना हाच त्रास होतो: पानभर वाचून वाटतं लेखकाचं मत कळलं, आणि पुढच्या पानावर कळतं की तो दुसऱ्याचं बोलत होता.

पानगळ
तीनदा वाचला टोचणीताईंचा प्रतिसाद. माझ्या पाचातल्या दोन चुका नेमक्या 'अट गळली' प्रकारातल्या निघाल्या.

पुढची शंका: कागदावर काही आकृती काढायची का? एका शिकवणीच्या चित्रफितीत प्रत्येक वाक्याला आकडा देऊन बाण काढत होते. मला तेवढा वेळच पुरत नाही.

जुनाखोड
ही कल्पना जुनी आहे. रिचर्ड व्हेटली यांच्या १८२६च्या तर्कशास्त्रावरच्या पुस्तकात सल्ला होता की आधी निष्कर्ष पक्का करा आणि तिथून उलटे मागे जात कोणतं विधान कोणत्याला आधार देतं ते शोधा. विधानांना आकडे देऊन बाणांनी जोडायची पद्धत मन्रो बिअर्डस्ली यांच्या १९५०च्या पुस्तकाने रूढ केली. पुढे १९५८मध्ये स्टीफन टुलमिन यांनी युक्तिवादाचे सहा घटक मांडले: दावा, माहिती, माहितीवरून दाव्याकडे नेणारा दुवा, त्या दुव्याचा आधार, मर्यादा दाखवणारा शब्द आणि अपवाद. टोचणीबाईंचं 'बहुधा' म्हणजे त्यातला पाचवा घटक.

शिकताना आकृती जरूर काढा. ग्रंथालयाच्या उताऱ्याची काढून दाखवतो. चार वाक्यं, १ ते ४. २ (वाचक फिरकत नाहीत, पुस्तकं जातात) आणि ३ (पुस्तकांची किंमत जास्त) यांची बेरीज करा, कारण एकटं २ किंवा एकटं ३ तोटा सिद्ध करत नाही. २ + ३ पासून एक बाण ४ कडे. ४ पासून एक बाण १ कडे. १ मधून बाहेर जाणारा बाण नाही. हे चित्र पन्नास उताऱ्यांचं काढलंत की पुढे कागद लागणार नाही.

अर्धविराम
परीक्षेत काढायला मात्र सक्त विरोध. हिशेब बघा. एलसॅटमध्ये (अमेरिकेतल्या कायद्याच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा) तर्काच्या एका भागाला ३५ मिनिटं आणि पंचविसेक प्रश्न, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिटही नाही. जीमॅटच्या (व्यवस्थापन शिक्षणाची प्रवेश परीक्षा) नव्या स्वरूपात भाषिक विभागात ४५ मिनिटांत २३ प्रश्न, त्यात मोठे उतारेही आले. मी फक्त एकच करतो: पेन्सिल उचलून, किंवा संगणकावर असेल तर ठळक करून, एका वाक्याला खूण. तेच निष्कर्षाचं. बाकी कोरं.

आणि या एका प्रश्नप्रकारापुरतं हे नाही. एलसॅटमधून ऑगस्ट २०२४पासून तर्कखेळांचा (दिलेल्या नियमांवरून कोडी सोडवायचा) भाग गेला आणि आता गुण मिळणाऱ्या तीनपैकी दोन भाग युक्तिवादांचे आहेत. गृहीतक शोधा, कमकुवत करा, बळकट करा, त्रुटी सांगा, या सगळ्यांत पहिली पायरी निष्कर्ष ओळखण्याचीच. पानगळताई, तुम्ही म्हणालात बाकी प्रकार जमतात. खरंच जमतात का, एकदा तपासा. कमकुवत करायच्या प्रश्नात उपनिष्कर्षाला धक्का देणारा पर्याय घेऊन मुख्य निष्कर्षाला हातच लावला नाही, असं होतंय का?

पानगळ
आई गं. तपासते.

चकवा
स्पष्टीकरणाचा विषय निघाला होता म्हणून:

'या उन्हाळ्यात तळ्याचं पाणी हिरवं झालंय. वरच्या अंगाला असलेल्या कारखान्याच्या सांडपाण्याचा हा परिणाम असल्याचं बोललं जातं, पण कारखाना वर्षभर बंद आहे. आजूबाजूच्या शेतांतलं खत पावसाबरोबर तळ्यात आलं होतं, आणि खत व ऊन मिळालं की शेवाळ माजतं. हा रंग शेवाळाचा असावा.'

खोडकाकांच्या मते 'पाणी कशामुळे हिरवं' हे स्पष्टीकरण, युक्तिवाद नव्हे. मग इथे मुख्य निष्कर्ष नाहीच?

जुनाखोड
चांगला पेच टाकलात. इथे स्पष्टीकरण हेच सिद्ध करायचं आहे. पाणी हिरवं आहे, यावर वाद नाही. ते *कशामुळे* हिरवं, यावर दोन मतं आहेत आणि लेखक एका मताचा पुरावा देतोय. 'शेवाळामुळे हिरवं.' कशावरून? 'खत आलं, ऊन होतं, कारखाना बंद होता.' निष्कर्षाच्या पोटात 'मुळे' आहे, पण त्याला प्रश्न 'कशावरून'च लागला. 'असावा'कडेही लक्ष असू द्या.

उलट 'तळं शेवाळामुळे हिरवं झालंय, कारण शेतांतलं खत वाहून आलं आणि ऊन कडक होतं' एवढंच कुणी सांगितलं आणि शेवाळाबद्दल कुणालाच शंका नसली, तर ते निव्वळ स्पष्टीकरण. ऐकणारा कशाबद्दल साशंक आहे, त्यावर ठरतं.

पानगळ
चार दिवसांनी परत आले. अर्धविरामभाऊंनी सांगितल्याप्रमाणे कमकुवत करायचे जुने प्रश्न काढून पाहिले. अकरा चुकले होते, त्यांतल्या चारांत मी भलत्याच वाक्यावर हल्ला चढवला होता. मला वाटत होतं पर्याय अवघड आहेत.

मुख्य निष्कर्षाचे नवे दहा सोडवले, नऊ बरोबर. दहाव्यावर मात्र मी अजून भांडायला तयार आहे:

'जुन्या मानल्या जाणाऱ्या एका चित्रावर अलीकडच्या काळातल्या रंगाचे थर सापडले. त्यावरून काही तज्ज्ञ ते चित्र बनावट ठरवतात. पण जुन्या चित्रांची वेळोवेळी डागडुजी होते आणि डागडुजीत त्या त्या काळातला रंग वापरला जातो. तेव्हा या थरांवरून चित्र बनावट ठरत नाही.'

मी दिलं: 'चित्र बनावट नाही.' बरोबर उत्तर म्हणे: 'नव्या रंगाचे थर सापडणं हा चित्र बनावट असल्याचा पुरेसा पुरावा नाही.' लेखक तज्ज्ञांच्या विरुद्ध बोलतोय ना? तज्ज्ञ म्हणतात बनावट, मग हा म्हणतो बनावट नाही. सरळ आहे!

टोचणी
तज्ज्ञांचं म्हणणं 'थर आहेत, म्हणून बनावट'. लेखकाने यातलं काय खोडलं? 'बनावट' खोडलं की 'म्हणून' खोडलं?

पानगळ
…म्हणून.

टोचणी
आता तुमच्या उत्तराला 'कशावरून' लावा. 'चित्र बनावट नाही.' कशावरून? 'डागडुजीत नवा रंग लागतो.' हे उत्तर झालं का? चित्र बनावट असून वर त्याची डागडुजीही झालेली असू शकते. लेखकाने चित्र अस्सल असल्याचा एकही पुरावा दिलेला नाही, आणि तसा दावाही केलेला नाही. आरोपीवरचा एक पुरावा बाद झाला म्हणजे आरोपी निर्दोष ठरला असं नसतं. दुसरा पुरावा असेल.

पानगळ
मी 'या थरांवरून' हे दोन शब्द वाचलेच नव्हते. म्हणजे वाचले, पण माझ्या डोक्यात वाक्य 'चित्र बनावट नाही' असंच उतरलं.

रातकिडा
पुन्हा अट गळली.

पानगळ
गळली. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय आता. पुढचा संच परवा, घोळ झाला की इथेच येते.